तारेच्या बाहेरून वाचलेली ‘बळी’

नववीत असताना आम्हाला विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ शिकविली गेली. शिकविली हा शब्द तितकासा बरोबर नाही, कारण ती अभ्यासक्रमात नव्हती आणि तिच्यावर परीक्षेत एकही प्रश्न येणार नव्हता. शनिवारी सकाळची शाळा असे. शेवटचे दोन तास मराठीचे सर आपल्या पिशवीतून खाकी कागदाचे कव्हर घातलेले एक जुने पुस्तक काढीत आणि वाचू लागत. २००३ साल होते. गाव वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात. जिल्हा होऊन पाचच वर्षे झाली होती. १९९८ च्या आधी आम्ही अकोल्याचे. वर्गात निम्मी मुले आसपासच्या तांड्यांवरची, काही पाटलांची, आम्ही सातआठ बौद्धवाड्यातले, दोघे मातंग, आणि एक मुलगा पारध्यांच्या बेड्यावरचा. बेड्यावरून नववीपर्यंत आलेला तो पहिलाच.

मी आज एका महाविद्यालयात इतिहास शिकवितो. माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. बाप सालदार होता, माय अजूनही निंदणाला जाते. हे सांगण्याचे कारण असे की पुस्तक म्हणजे परीक्षेसाठी पाठ करावयाची वस्तू, एवढीच आमच्या पिढीची पुस्तकाशी ओळख होती. परीक्षेत न येणारे पुस्तक कोणी मोठ्याने वाचून दाखवावे, ही गोष्टच आम्हाला नवी होती. सर मूळचे सोलापूर जिल्ह्यातले. त्यांनी लहानपणी सोलापूरची ‘सेटलमेंट’ पाहिली होती. म्हणजे तारा काढून टाकल्यानंतर उरलेली वस्ती पाहिली होती. तिथे आजही वस्तीचे नाव तेच आहे.

‘बळी’चे कथानक इथे सांगत बसत नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी मुळातून वाचावी. काटेरी तारेच्या कुंपणाआड सरकारने कोंडलेल्या, जन्मानेच गुन्हेगार ठरविलेल्या लोकांची, विशेषतः मांगगारुड्यांची, ती कादंबरी आहे. १९५० साली ती प्रसिद्ध झाली. सरांनी पहिल्याच दिवशी ‘हजेरी’ या शब्दाचा अर्थ सांगितला. आम्हाला हजेरी म्हणजे ‘यस सर’ एवढेच ठाऊक. सर म्हणाले, इथे मोठी माणसे, म्हातारीकोतारीसुद्धा, रोज हजेरी देत; परवानगीच्या चिठ्ठीवाचून त्यांना बाहेर जाता येत नसे.

“सर, म्हंजे तो जेल व्हता काय?” एकाने विचारले.

“जेलमध्ये गुन्हा केल्यावर नेतात,” सर म्हणाले. “इथे जन्मल्यावर.”

वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून बेड्यावरचा तो मुलगा म्हणाला, “आमच्या बेड्यावरबी येतेत पोलीस. रातच्याले.” मुले हसली. मीही हसलो. सर काही बोलणार तेवढ्यात घंटा झाली, आणि पुढच्या शनिवारी ते पुस्तकाच्या पुढच्या पानापासून वाचू लागले.

त्या हसण्याविषयी मला पुढे लिहावयाचे आहे. परंतु आधी, ज्या इतिहासाची त्या वर्गात आम्हाला माहिती नव्हती, तो मांडला पाहिजे.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सत्यशोधक समाज स्थापन होण्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानापर्यंत वाढली, आणि १९२४ साली त्याचे पुन्हा एकत्रीकरण झाले. एखादी जमात गुन्हेगार आहे असे सरकारने राजपत्रात जाहीर केले की ती गुन्हेगार. त्या जाहीरनाम्याच्या योग्यायोग्यतेविषयी न्यायालयात दाद मागण्याची सोय मूळ कायद्यातच नव्हती. म्हणजे चोराला वकील मिळे, पण चोर म्हणून जन्मलेल्याला मिळत नसे. नोंदलेल्या माणसाने हजेरी द्यावयाची, बोटांचे ठसे द्यावयाचे, गाव सोडण्यापूर्वी परवाना घ्यावयाचा. सरकारला वाटल्यास त्याला वसाहतीत हलवावयाचे, आणि मुलांना आईबापांपासून वेगळे काढून शाळेत घालावयाचे. मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. सोलापुरात कापडाच्या गिरण्या होत्या आणि गिरण्यांना मजूर हवे होते. सुधारणा आणि स्वस्त मजुरी यांची सांगड अशी कुंपणाच्या आत घातली गेली. ‘सुधारणा’ या शब्दाविषयी मला तेव्हापासून एक संशय आहे.

वर्णव्यवस्था इंग्रजांनी आणली नाही. पण जात हा धंदा आणि धंदा हा रक्तातला गुण, हे आपल्याच समाजाचे तत्त्वज्ञान त्यांनी उचलले आणि त्याला कलमे पाडली. सुताराचा मुलगा सुतार, तर चोराचा मुलगा चोर. इतके ते सोपे होते. आमच्या जिल्ह्यातील बंजारा समाज पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेई. मिठाचे कायदे आले, आगगाडी आली, बैलांचे तांडे निकामी झाले. आणि जो फिरतो तो संशयित ठरला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज जी चौदा नावे आहेत त्यांत बंजारा हे नाव आहे. पोहरादेवी आमच्याच तालुक्यात. रामनवमीला तिथे लाखो माणूस लोटतो. परंतु तांड्याच्या मुलांनाही हा इतिहास शाळेत कोणी सांगितला नव्हता. आम्हाला सांगितले गेले ते एवढेच की वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. ते खरेच आहे. राजधान्यांचा इतिहास मुलांना लवकर कळतो.

आता लेखिकेविषयी. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव. मूळच्या बाळूताई खरे, लग्नानंतर मालतीबाई बेडेकर. जन्म १९०५, मृत्यू २००१. वडील शिरूरचे शिक्षक. त्यांच्यावर पुढे ‘खरेमास्तर’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा पांढरपेशा मराठी समाजात केवढे वादळ उठले हे मराठीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनातले एका बाईने लिहिले, एवढाच तिचा अपराध. आणि ही बाई कोण याचा शोध घेण्यात टीकाकारांचा बराच वेळ गेला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच बाई सोलापूरच्या वसाहतीत सरकारी नोकरीत होत्या. तिथे त्यांनी जे पाहिले त्यातून ‘बळी’ झाली.

‘कळ्यांचे निःश्वास’विषयी मराठीच्या वर्गांतून जितके बोलले जाते तितके ‘बळी’विषयी बोलले जात नाही, असा माझा अनुभव आहे. कारण उघड आहे. पांढरपेशा वाचकाला स्वतःच्या घरातील वादळ हे वादळ वाटते. गावकुसाबाहेरचे वादळ म्हणजे फक्त हवामान!

आमच्यातील काही मित्र याच्या उलट टोकाला जातात. ब्राह्मण बाईने, तेही वसाहतीत अधिकारी असलेल्या बाईने लिहिले ते आपले कसे, सहानुभूती आणि स्वानुभव यांत अंतर आहे, असे ते म्हणतात. अंतर आहेच. मालतीबाई संध्याकाळी तारेच्या बाहेर जाऊ शकत होत्या, हा फरक कुठलीही लेखणी पुसू शकत नाही. परंतु ज्या यंत्रणेचा पगार घेतला त्या यंत्रणेच्या पोटात माणसांचे काय होते ते लिहिणे, ही मराठीत वारंवार घडलेली गोष्ट नाही. शेकडो अंमलदारांनी अहवाल लिहिले आणि त्यांत माणसे आकड्यांपुरती आली. बाईंनी माणसे लिहिली. १९५९ साली अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ आली. तिच्यात मांगांची हजेरी आतून, वारणेच्या काठावरून लिहिलेली आहे. १९८० मध्ये लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ आणि १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ आले. आता तारेच्या आतला माणूस स्वतः बोलू लागला. ‘फकिरा’ वाचल्यावर ‘बळी’ कमी वाटते हे मी मान्य करतो. ती खोटी वाटत नाही.

माझी तक्रार पुस्तकाबद्दल नाही. ते वाचण्याच्या आमच्या पद्धतीबद्दल आहे. मुंबई राज्याने गुन्हेगार जमातींचा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. कादंबरी आली १९५० मध्ये. म्हणजे वाचकाच्या हाती ती पडली तेव्हाच ‘झाले गेले’ असे म्हणण्याची सोय झाली होती. ३१ ऑगस्ट १९५२ पासून देशभर कायदा गेला. आज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण कायदा गेला तशी सराईत गुन्हेगारांच्या नावाने दुसरी कलमे आली. मुंबई राज्याचा तसा कायदा १९५९ चा. जमातीचे नाव कागदावरून गेले, ठाणेदाराच्या डोक्यातून गेले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांतील जातिभेदाविषयीच्या निकालात विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीपणे अटक करू नका, असे पोलिसांना बजावावे लागले. बहात्तर वर्षांनी! आम्ही २००३ मध्ये ‘बळी’ ऐकली ती मात्र सोलापूरची, जुन्या काळची, संपलेली गोष्ट म्हणून. मागच्या बाकावरून जो आवाज आला तो त्या गोष्टीत बसत नव्हता, म्हणून आम्ही हसलो.

दसऱ्यापर्यंत पुस्तक वाचून झाले. शेवटच्या शनिवारी दोन मुली रडल्या. मलाही गलबलून आले होते. सरांनी एक पान निबंध लिहावयास सांगितला. माझा निबंध उत्तम म्हणून वर्गात वाचून दाखविला गेला. ‘कोणाला जन्मावरून गुन्हेगार ठरविणे हा अन्याय आहे’ अशा अर्थाचे वाक्य त्यात मी लिहिले होते आणि सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली होती, कौतुकाची.

डिसेंबरात सहल ठरली. सहलीचे पैसे वर्गशिक्षकांकडे जमा होत. हे शिक्षक दुसरे. एके दिवशी पाकीट सापडेना. सहाशे चाळीस रुपये. वर्गशिक्षकांनी दार लावून घेतले, दप्तरे पाहिली. काही निघाले नाही. मग प्रत्येकाला वहीचे पान फाडावयास सांगितले: ज्याच्यावर संशय असेल त्याचे नाव लिहा, आपले लिहू नका. चिठ्ठ्या गोळा झाल्या. शिक्षकांनी त्या एकेक उघडून टेबलावर ठेवल्या. सगळ्या एकाच ढिगात पडत गेल्या.

माझी चिठ्ठी त्याच ढिगात होती.

मला कोणी सांगितले नव्हते. मी त्याच्या पुढच्याच बाकावर बसे. त्याने काही उचलताना पाहिले नव्हते. शाळेबाहेरच्या विहिरीवर आम्ही दोघे एकाच बादलीचे पाणी पीत असू. पण हातात पेन आले आणि ‘संशय’ हा शब्द ऐकला तेव्हा हाताने ते नाव आपोआप लिहिले. मला विचारही करावा लागला नाही. जात अशीच चालते, हे मी आता वर्गात शिकवितो. तेव्हा ते माझ्या हाताला आधीच येत होते.

चार दिवसांनी पाकीट सापडले. हजेरीच्या कॅटलॉगच्या पुठ्ठ्यामागे सरकून बसले होते. वर्गशिक्षकांनी ‘सापडले बरं का’ एवढे सांगितले. तो मुलगा त्या दिवशी शाळेत नव्हता. त्यानंतरही आला नाही. सहल गेली, मीही गेलो.

या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या ढिगात पाटलांच्या मुलांच्या चिठ्ठ्या होत्या याचे मला नवल वाटत नाही. तांड्यावरच्या मुलांच्या होत्या. मातंगांच्या दोघांच्या होत्या. आणि आमच्या, जयंतीला निळा झेंडा घेऊन मिरवणुकीच्या पुढे चालणाऱ्यांच्या होत्या. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत गुन्हेगार म्हटल्या जाणाऱ्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य हे तीन वर्ग त्यांनी एका ओळीत मांडले आणि त्यांच्या अस्तित्वाचा जाब हिंदू संस्कृतीला विचारला. त्याच्या वीस वर्षे आधी, १९२८ मध्ये, मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिम जमातींच्या स्थितीविषयी एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट, हेच गृहस्थ इलाख्यातील गुन्हेगार वसाहतींचे अधिकारी म्हणून ओळखले जात. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. समितीचा अहवाल १९३० चा आहे. म्हणजे कुंपणाची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाशेजारी बसून बाबासाहेब आमच्या शाळांचा आणि वसतिगृहांचा हिशेब मांडीत होते. बाबासाहेबांच्या चरित्रातील हा प्रसंग आमच्या व्याख्यानांत क्वचितच येतो. या तीन वर्गांना त्यांनी एकत्र पाहिले. आम्ही त्यांना तीन रांगांत बसविले.

यामागे आमचाही एक इतिहास आहे आणि तो सुखाचा नाही. माझा पणजा गावचा महार, म्हणजे गावकीचा हक्काचा नोकर. आजी सांगे, “पाटील तुह्या पणज्याले बेड्यावर धाडे. ‘चाला रे, हजेरी हाय’ असं म्हनत जाये थो. ते बिचारे येतच.” आजीला यात काही वावगे वाटत नसे, पणज्याला गावात मान होता याची ती खूण म्हणून सांगे. भाकरीसाठी दारोदार हात पसरणाऱ्या माणसाला आणखी एका माणसाला हाक मारून उठविण्याचा तेवढाच अधिकार मिळाला होता. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले ते का, हे मला ग्रंथांतून कळले होते. पण या गुलामगिरीत आपल्याला दुसऱ्याचा मुकादम केले जाते, ही त्यातील बाजू मला आजीच्या या दोन वाक्यांनी कळली. पणज्याला नाही म्हणता आले नसते. मला आले असते. कोरी चिठ्ठी टाकली असती तरी मला कोणी मारले नसते.

१८५५ साली फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. त्यात ती ब्राह्मणांना जाब विचारते तसाच, महार मांगाला खालचा मानतो, हेही सांगते. चौदा वर्षांचीच. मी ‘बळी’वर निबंध लिहिला तेव्हा माझेही वय तेच होते. तिने आपल्यातील पायऱ्या सांगितल्या, मी लाल रेघ मिळविली.

गेली काही वर्षे मी पदवीच्या विद्यार्थ्यांबरोबर ‘बळी’ वाचतो. अभ्यासक्रमात ती आजही नाही. मी तिच्याबरोबर १८७१ च्या कायद्याची कलमे वाचतो, ‘फकिरा’ वाचतो, आणि एक प्रश्न विचारतो: ही गोष्ट संपली असे तुम्हाला कोणत्या पानावर वाटले? मुले वेगवेगळी पाने सांगतात. गेल्या वर्षी तांड्यावरची एक मुलगी म्हणाली, “सर, मले तं कुठंच नाही वाटलं.” तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात, परक्या गावी काही हरवले की आधी कोपीवर शोध होतो, हे तिने वर्गात सांगितले. कोणी हसले नाही. चिठ्ठीची गोष्ट मी वर्गात अजून सांगितलेली नाही. इथे पहिल्यांदा लिहीत आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी त्या बेड्यावर गेलो होतो. बरोबर ‘बळी’ची एक प्रत घेतली होती, ती त्याला द्यावी आणि जे बोलावयाचे ते बोलावे असे मनात होते. तो नव्हता. पुण्याकडे कुठे तरी बांधकामावर आहे, असे कळले. त्याची आई झोपडीबाहेर बसली होती. माझा शर्ट आणि हातातले पुस्तक पाहून ती उठली. “सर्वे हाय काय साहेब?” मी नाही म्हणेपर्यंत ती आत गेली आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. रेशनकार्ड, आधार, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीच्या प्रमाणपत्रासाठी केलेल्या अर्जाची झेरॉक्स. तिने एकेक कागद माझ्यासमोर मांडला. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, राजपारधी आणि पालपारधी विमुक्त जातींत. कागदावर नुसते ‘पारधी’ लिहिलेले, त्यामुळे अर्ज परत आला होता. जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. त्या काळात या माणसांची नावे कोणत्या वहीत लिहिली जात, हे दाखला मागणाऱ्याला माहीत नसावे असे नाही.

“समदे हायेत पाहा,” ती म्हणाली. “काही लपवलं नाही.”

मी कागद पाहिले, क्रमाने लावून परत दिले, आणि अर्जात काय दुरुस्त करावे लागेल ते सांगितले. पुस्तक पिशवीतच राहिले.